सोळा घोडे विरुद्ध चामड्याचं एक कडं : ऑटो फॉन गेरिके यांची गोष्ट

विहिरीवरची मोटर जोरात फिरते, आवाज नेहमीसारखाच येतो, पण पाईपातून पाणी काही पडत नाही. पंपानं हवा धरली, असं आपण म्हणतो. मग पुन्हा पाणी भरायचं, पुन्हा बटण दाबायचं. बहुतेक वेळा दोष मोटरीचा नसतोच. सक्शन पाईपाच्या एखाद्या जोडात पॅकिंग सरकलेलं असतं किंवा दोन फ्लँज एकमेकांसमोर नीट बसलेले नसतात. जोड अगदी थोडा वाकडा असला तरी बाहेरची हवा आत शिरते आणि सगळा पंप निकामी होतो.

ही गोष्ट साडेतीनशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका माणसाला कळली. ती कळण्याआधी त्यांची पिंपं फसली आणि तांब्याचा एक गोळाही चुरगळला. त्यांचं नाव ऑटो फॉन गेरिके. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात घोड्यांनी ओढलेल्या दोन अर्धगोलांचं चित्र अनेकांनी पाहिलं असेल. ते अर्धगोल यांचेच. पण चित्रात घोडेच जास्त दिसतात. खरं काम केलं होतं ते दोन अर्धगोलांच्या मधल्या चामड्याच्या कड्यानं.

जळालेल्या शहराचा इंजिनिअर

गेरिके यांचा जन्म नोव्हेंबर १६०२ मध्ये एल्बे नदीकाठच्या मॅग्डेबर्ग शहरात झाला. घराणं जुनं आणि पैशापाण्यानं बरं होतं. शहराच्या कारभारात घरच्यांचं वजन होतं. पोराला शिकायला लायप्झिग, हेल्मश्टेट, येना इथं पाठवलं. तिथं मुख्य शिक्षण कायद्याचं. पुढं हॉलंडमधल्या लायडनला गेल्यावर त्यांनी गणित, यंत्रं आणि तटबंदी बांधण्याचं शास्त्रही शिकून घेतलं. १६२६ मध्ये ते गावी परतले, लग्न केलं आणि नगरपरिषदेत बसले. बांधकामाचं खातं त्यांच्याकडं आलं.

तेव्हा युरोपात तीस वर्षांचं युद्ध पेटलेलं होतं. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा. त्याच्या पुढच्याच वर्षी, मे १६३१ मध्ये, सम्राटाच्या फौजेनं सेनापती टिली याच्या हाताखाली मॅग्डेबर्ग फोडलं. लूट झाली, आग लागली. सुमारे २० हजार माणसं मेली आणि बहुतेक शहर राख झालं. गेरिके यांचं होतं नव्हतं ते गेलं. ते आणि त्यांचं कुटुंब कैदेत सापडलं. अनहाल्टचा राजपुत्र लुडविग याच्या मदतीनं, खंडणी भरून त्यांची सुटका झाली.

पोटासाठी त्यांनी काही काळ स्वीडनच्या फौजेकडं तटबंदीचा इंजिनिअर म्हणून काम केलं. मग पुन्हा मॅग्डेबर्ग गाठलं. जळालेल्या शहराचा नकाशा काढला, पुन्हा बांधणीच्या कामात हात घातला. १६४६ मध्ये ते शहराच्या महापौरांपैकी एक झाले आणि जवळपास तीस वर्षं त्या पदावर राहिले. शहराला पुन्हा हक्क मिळावेत म्हणून त्यांनी दरबारांच्या किती वाऱ्या केल्या त्याला हिशोब नाही. तहाच्या बोलण्यांसाठी ते ओस्नाब्रुकला गेले, सम्राटाकडं व्हिएन्नाला गेले, रेगेन्सबर्गला गेले. हवेचे सगळे प्रयोग त्यांनी या कामातून वेळ काढून केले.

रिकामी जागा असते का?

त्या काळातला एक मोठा वाद असा होता, की काहीच नसलेली जागा जगात असू शकते का? अॅरिस्टॉटलपासून चालत आलेलं मत असं, की पोकळी असूच शकत नाही. निसर्गाला ती सहन होत नाही, लगेच काहीतरी येऊन ती भरून टाकतं. गेरिके यांना ताऱ्यांच्या आणि ग्रहांच्या मधल्या जागेत काय आहे, हा प्रश्न पडला होता. तिथं काहीच नसेल, तर इथं जमिनीवर तशी जागा करून दाखवता आली पाहिजे. नुसती चर्चा करून काही ठरणार नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं.

त्यांनी एक लाकडी पिंप घेतलं आणि ते पाण्यानं काठोकाठ भरलं. सगळी भोकं बुजवली. खाली पितळी पंप बसवला. आग विझवायला तेव्हा जी पिचकारी वापरत, तसला हा पंप होता. हिशोब सरळ होता. पिंपातलं पाणी खालून ओढून घेतलं आणि वरून हवा येऊ दिली नाही, तर आत काहीच उरणार नाही.

पहिल्यांदा पंपच पिंपापासून निखळला. मग जाड पट्ट्या आणि स्क्रूनं तो पक्का केला. तीन धट्टीकट्टी माणसं पंप ओढायला लावली. पाणी निघू लागलं, आणि पिंपातून उकळत्या पाण्यासारखा आवाज यायला लागला. लाकडाच्या बारीक छिद्रांतून आणि फळ्यांच्या सांध्यांतून हवा आत घुसत होती. जितकं पाणी काढावं तितकी हवा आत येई.

दुसरा उपाय म्हणून त्यांनी लहान पिंप मोठ्या पिंपात ठेवलं आणि मधल्या जागेतही पाणी भरलं. हवेऐवजी पाणीच बाहेर असेल तर हवा येणार कुठून? उकळण्याचा आवाज थांबला खरा. पण आता पाखराच्या चिवचिवीसारखा बारीक आवाज येऊ लागला आणि तीन दिवस येत राहिला. लहान पिंप उघडून पाहिलं तर लाकडातून झिरपून पाणी आत आलेलं.

म्हणजे पंप चांगला होता, माणसंही दमदार होती. हार होत होती ती लाकडाकडून आणि सांध्यांकडून.

चुरगळलेला तांब्याचा गोळा

लाकूड सोडून गेरिके तांब्याकडं वळले. तांब्याचा पोकळ गोळा करून घेतला, त्याला तोटी बसवली आणि या वेळी पाणी न भरता सरळ हवाच ओढायला सुरुवात केली. सुरुवातीला पंपाचा दट्ट्या सहज हलत होता. मग तो इतका जड झाला की दोन माणसांना ओढेना. आता हवा संपत आली, असं वाटत असतानाच मोठा धडाका झाला आणि गोळा हातात चुरगळलेल्या फडक्यासारखा झाला.

गेरिके यांनी कारण शोधलं. कारागिरानं गोळा पुरता गोल घडवलेला नव्हता. बाहेरची हवा गोळ्याला चहूबाजूंनी दाबते. गोळा सगळीकडून सारखा गोल असेल तर प्रत्येक भाग शेजारच्या भागाला आधार देतो, दगडी कमानीत दगड एकमेकांना धरून राहतात तसा. पण एखादी बाजू थोडी चपटी असेल तर सगळा दाब तिथंच बसतो आणि ती बाजू आत जाते.

दुसरा गोळा जास्त काळजीनं घडवला. हवा काढली तरी तो टिकला. तोटी उघडली तेव्हा बाहेरची हवा इतक्या वेगानं आत शिरली की जवळ उभ्या असलेल्या माणसाचा श्वास अडावा.

तरी एक खोट राहिलीच. गोळा एक-दोन दिवस बंद ठेवला की आत थोडी हवा आलेली असे. तांबं तर हवा जाऊ देत नाही. मग ती येते कुठून? ती येत होती तोटीच्या फटीतून आणि पंपाच्या जोडांतून. गेरिके यांनी तिपाईवर बसवलेला नवा पंप केला आणि महत्त्वाच्या जोडांभोवती पाणी साठेल अशी भांडी बसवली. जोड पाण्याखाली राहिला की हवेची वाट बंद होते. इथून पुढं त्यांचे प्रयोग भरवशाचे झाले. त्या रिकाम्या जागेत घंटेचा आवाज ऐकू येत नाही, मेणबत्ती विझते, द्राक्षं महिनोन् महिने टिकतात, हे त्यांनी दाखवलं.

१६५४ मध्ये शहराच्या कामासाठी रेगेन्सबर्गच्या मोठ्या सभेला गेले असताना त्यांनी सम्राट तिसरा फर्डिनांड आणि राजेरजवाड्यांसमोर हे प्रयोग करून दाखवले. एका प्रयोगात दट्ट्याला दोर बांधून अनेक माणसांच्या हातात दिला होता. दट्ट्याखाली हवा काढलेला गोळा जोडून तोटी उघडली, तसा दट्ट्या खाली गेला आणि दोर धरलेली माणसं ओढली गेली. वुर्झबर्गचे धर्माधिकारी आणि राजे योहान फिलिप यांनी तर सगळी यंत्रंच विकत घेतली.

चामड्याचं कडं

यानंतरचा प्रयोग जगभर गाजला. गेरिके यांनी तांब्याचे दोन अर्धगोल करून घेतले. व्यास साधारण ४० सेंटीमीटर, म्हणजे मोठ्या कळशीएवढा. एकाला हवा काढायची तोटी. दोन्हींना दोर बांधायला कड्या. दोन्ही अर्धगोलांचे काठ एकमेकांवर बरोबर बसतील असे केलेले.

त्या काठांना आजच्या भाषेत फ्लँज म्हणता येईल. तांब्यावर तांबं ठेवलं तर कितीही घासलं तरी कुठंतरी केसाएवढी फट राहतेच. म्हणून गेरिके यांनी मधे चामड्याचं कडं ठेवलं. हे कडं टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेल्या मेणात चांगलं भिजवलेलं होतं. चामडं मऊ असल्यानं काठाच्या खाचाखोचांत बसतं. पण चामड्यालाही स्वतःची बारीक छिद्रं असतात. ती मेणानं बुजली. आज आपण ज्याला पॅकिंग किंवा गॅस्केट म्हणतो, ते हेच.

आता यातली खुबी पाहा. दोन अर्धगोलांना जोडणारा एकही बोल्ट नव्हता, खिळा नव्हता, डाग दिलेला नव्हता. आतली हवा काढली की बाहेरची हवाच त्यांना एकमेकांवर दाबते. हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो. ४० सेंटीमीटर व्यासाचा हिशोब केला तर हा जोर सुमारे १३०० किलो भरतो. म्हणजे साधारण तेरा क्विंटलचं वजन त्या चामड्याच्या कड्याला दाबून धरतं. जितकी हवा काढाल तितका जोड घट्ट होतो.

पण हे घडायला सुरुवातीलाच जोड सगळीकडून टेकलेला असावा लागतो. एक अर्धगोल जरासा तिरका बसला तर एका बाजूला चामडं चेपून जातं आणि समोरच्या बाजूला फट राहते. कडं मधोमध न बसता आत सरकलं तर काठाचा काही भाग उघडा पडतो. काठावर रेतीचा एक कण राहिला तरी त्याच्या दोन्ही अंगांनी हवेला रस्ता मिळतो. फट राहिली की पंपानं हवा काढावी आणि फटीतून ती परत यावी. मग आत-बाहेरचा फरकच तयार होत नाही आणि जोड दाबला जात नाही. जोड सरळ बसला तर हवा त्याला घट्ट करते, वाकडा बसला तर तीच हवा त्यातून आत जाते.

१६५७ मध्ये मॅग्डेबर्गला गेरिके यांनी हे अर्धगोल घोड्यांना जुंपले. एका बाजूला आठ, दुसऱ्या बाजूला आठ. सोळा घोड्यांनी जोर लावला तरी अर्धगोल सुटता सुटेनात. कधी सुटलेच तर तोफेसारखा आवाज होई. आणि तोटी उघडून हवा आत सोडली की तेच अर्धगोल हातानं सहज वेगळे होत. १६६३ मध्ये बर्लिनला ब्रँडनबर्गच्या राजासमोर चोवीस घोडे लावून हाच खेळ झाला.

इथं एक गंमत आहे. एका बाजूचा दोर भक्कम भिंतीला बांधून दुसऱ्या बाजूला आठच घोडे लावले असते, तरी ओढ तेवढीच पडली असती. बाकीचे आठ घोडे भिंतीचंच काम करत होते. पण सोळा घोडे दिसायला भारी दिसतात. राजकारणात मुरलेल्या महापौरांना लोकांचे डोळे कशानं विस्फारतात, हे चांगलं ठाऊक होतं.

इंग्लंडपर्यंत गेलेली बातमी

गेरिके यांनी स्वतःचं पुस्तक लिहायला वेळ घेतला. त्याआधीच १६५७ मध्ये वुर्झबर्गचे गास्पर शॉट या पाद्री प्राध्यापकांनी आपल्या पुस्तकात या पंपाची माहिती छापली. ती इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉइल यांच्यापर्यंत पोचली. बॉइल यांनी रॉबर्ट हूक यांच्या मदतीनं सुधारलेला पंप बनवला. त्याच कामातून पुढं हवेचा दाब आणि आकारमान यांचा बॉइलचा नियम आला. हवेच्या दाबानं दट्ट्या ओढता येतो, या गेरिके यांच्या प्रयोगाच्या वाटेनंच पुढं सुरुवातीची वाफेची इंजिनं आली.

गेरिके यांनी आपल्या घराला लागून पाण्याची उंच नळी उभी केली. आतली हवा काढली की पाणी वर चढे, पण साधारण दहा मीटरच्या वर काही केल्या जाईना. त्यांना कळलं की पाणी वर ओढलं जात नाही. बाहेरची हवा ते खालून ढकलते, आणि हवेची ताकद तेवढीच आहे. नळीतल्या पाण्यावर लाकडाचा छोटा माणूस तरंगत ठेवला होता. हवा बदलली की तो खालीवर होई. १६६० मध्ये हा माणूस एकदम खाली गेला, तेव्हा गेरिके यांनी वादळ येणार म्हणून सांगितलं, आणि वादळ आलं.

आपल्या विहिरीवर

ही दहा मीटरची हद्द आपल्याही पंपाला सुटलेली नाही. विहिरीच्या काठावर बसवलेला पंप पाणी खेचत नाही. तो पाईपात पोकळी करतो आणि विहिरीतल्या पाण्यावरची हवा पाणी वर ढकलते. पठारावर हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा थोडा कमी, त्यात पाईपातलं घर्षण. त्यामुळं प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या आतच पंप ठेवावा लागतो. पाणी खाली गेलं की पंपही खाली उतरवावा लागतो तो यामुळंच.

जोडाची गोष्टही तीच. डिलिव्हरी पाईपाचा जोड गळला तर पाणी बाहेर पडतं आणि लगेच दिसतं. सक्शनचा जोड गळला तर पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. त्यामुळं दोष दिसत नाही आणि माणूस मोटरीला नावं ठेवत बसतो.

म्हणून सक्शनचा फ्लँज बसवताना काही गोष्टी पाळाव्यात. दोन्ही तोंडं खरडून स्वच्छ करावीत, जुन्या पॅकिंगचा तुकडा राहू देऊ नये. पाईप आधी समोरासमोर सरळ आणावेत. वाकडा पाईप बोल्ट आवळून ओढून घेतला तर एक बाजू चेपते आणि दुसरी उघडी राहते. पॅकिंग एकच घालावं, दोन-तीन थर घालून वाकडेपणा भरून काढू नये. पॅकिंगचं भोक पाईपाच्या भोकावर मधोमध यावं. बोल्ट एका बाजूनं ओळीनं न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जावेत. पाईपाचं ओझं जोडावर न टाकता पाईपाला वेगळा आधार द्यावा.

शंका असेल तर पंप चालू असताना जोडावर साबणाचा फेस लावावा. फेस आत ओढला गेला तर हवा तिथूनच जाते आहे. हे करताना फिरत्या भागांपासून आणि वायरींपासून हात लांब ठेवावा. पंप बंद असताना पाईपात पाणी भरूनही गळती सापडते.

शेवटची वर्षं

ज्या शहरासाठी गेरिके यांनी आयुष्य घालवलं, त्याला हवं ते स्वातंत्र्य मात्र मिळालं नाही. १६६६ मध्ये मॅग्डेबर्गला ब्रँडनबर्गची फौज आपल्या तटाच्या आत घ्यावी लागली. दारोदार केलेल्या सगळ्या वाऱ्यांचं फळ एवढंच. त्याच वर्षी सम्राट लिओपोल्ड यांनी गेरिके यांना सरदारकी दिली आणि नावापुढं फॉन लागलं.

१६७२ मध्ये त्यांचं लॅटिन पुस्तक अॅमस्टरडॅमला छापलं गेलं. त्यात फसलेली पिंपं आणि चुरगळलेला गोळा यांचीही हकिकत त्यांनी काही न लपवता दिली. १६८१ मध्ये प्लेगच्या भीतीनं ते हॅम्बर्गला मुलाकडं राहायला गेले आणि तिथंच मे १६८६ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षात, वारले. मॅग्डेबर्गच्या विद्यापीठाला आज त्यांचं नाव आहे. त्यांचे तांब्याचे अर्धगोल म्युनिकच्या संग्रहालयात पाहायला मिळतात.